घरच्या वाटेवरील शिक्षण

१ ऑक्टोबर २०१७ रोजी आमच्या जिल्ह्यात काकडी गावच्या माळावर शिर्डीचे विमानतळ सुरू झाले, आणि आमच्या वर्गातील मुलांच्या प्रश्नांत एका नव्या प्रश्नाची भर पडली. पूर्वी मुले विचारीत, विमान वर राहते कसे? आता विचारतात, विमान चालवावयास शिकतात कसे? सायकल शिकताना पडले तर गुडघा फुटतो. विहिरीत पोहावयास शिकताना कमरेला भोपळा बांधता येतो. परंतु आकाशात ना पाय टेकावयास जमीन, ना आधारास भोपळा. मग शिकणाराचा पहिला दिवस पार पडतो तरी कसा? प्रश्न मार्मिक आहे, आणि तो केवळ विमानाचा नाही. जे काम चुकत चुकतच शिकावे लागते, परंतु ज्यात मोठी चूक परवडत नाही, ते शिकवावे कसे, हा आम्हां शिक्षकांचा आणि आईबापांचा नित्याचाच प्रश्न आहे. म्हणून ह्या वर्षीच्या अंकात त्याविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

थोडक्यात उत्तर असे की, शिकाऊ विमानात चालविण्याचे मुख्य साहित्य दुहेरी असते. दोन आसने, दोहोंपुढे हाताने फिरवावयाची दोन चक्रे, पायांखाली सुकाणूच्या पट्ट्यांच्या दोन जोड्या. एका बाजूचे चक्र हलविले म्हणजे दुसऱ्या बाजूचेही तसेच हलते. एकावर शिष्य बसतो, दुसऱ्यावर गुरू. हे झाले यंत्राचे उत्तर. माणसाचे उत्तर आम्हांस आमच्याच एका माजी विद्यार्थ्याकडून मिळाले, ते येथे सांगतो.

हा विद्यार्थी नेवासे तालुक्यातील एका शेतकरी ख्रिस्ती कुटुंबातला. आमच्याकडे बोर्डिंगात राहून शिकला, पुढे इंजिनियर झाला, आणि आता अमेरिकेत शिकागो शहराजवळ सहकुटुंब राहतो. मागे तो नाताळास गावी आला असता आम्हांस भेटावयास आला, आणि बोलता बोलता त्याने सांगितले, "सर, मी एक विमान विकत घेतले." आम्ही चकित झालेले पाहून तो हसला व म्हणाला, "सर, मोठे नव्हे. माझ्याहून वयाने वडील आहे ते." त्या देशात मध्यम स्थितीतील मनुष्यही, आपल्याकडे जुनी मोटार घ्यावी त्याप्रमाणे, जुने लहान विमान घेऊ शकतो. त्याने घेतलेले विमान सेस्ना १५० ह्या जातीचे. ही जात १९५८ ते १९७७ पर्यंत तयार होत असे, आणि ह्या काळात अशी तेवीस हजारांहून अधिक विमाने बाहेर पडली. दोन माणसे खांद्याला खांदा लावून बसतील एवढीच जागा, पुढे १०० अश्वशक्तीचे इंजिन, आणि वेग ताशी सुमारे १६० किलोमीटर. जगातील किती तरी वैमानिकांनी आपले पहिले धडे ह्याच लहान विमानात गिरविले आहेत.

विमान मिळाले ते कॅन्सस प्रांतात, विचिटा शहराजवळ. ह्याच शहरात ह्या कंपनीचे मूळ घर. तेथून शिकागो सरळ रेषेत सुमारे ९५० किलोमीटर. आमच्या विद्यार्थ्याने शिकण्यास आरंभ केला होता, आवश्यक त्या परीक्षाही दिल्या होत्या. परंतु त्याला अद्याप एकट्याने उडण्याची परवानगी मिळालेली नव्हती. एखाद्या कसलेल्या वैमानिकास पैसे देऊन विमान घरपोच आणविता आले असते. त्याने तसे न करता एक शिक्षिका ठरविली. ह्या बाई साठी उलटलेल्या, आणि त्यांचा जन्म विमानविद्या शिकविण्यात गेलेला. त्या त्याला म्हणाल्या, "मी एकटीने आणले तर विमान घरी येईल, पण तुम्ही मात्र जेथल्या तेथे राहाल. दोघे जाऊ. चालवाल तुम्ही, मी शेजारी बसेन."

हे ऐकून आमच्या विद्यार्थ्यास आपल्या वडिलांची आठवण झाली. त्याच्या लहानपणी त्यांनी कर्ज काढून नगरहून ट्रॅक्टर आणला होता. आमच्या भागातील जुन्या मंडळींस हा देखावा परिचयाचा आहे. शोरूममधून ट्रॅक्टर निघतो तो फुलांची माळ घालून; बैलांवाचून दुसरे काही न हाकलेला मालक आसनावर बसतो, आणि दुकानाचा ड्रायव्हर मडगार्डवर. गावापर्यंतच्या साठ किलोमीटरांत जे काय शिकावयाचे ते शिकून घ्यावयाचे. क्लच सावकाश सोडा, उतारावर गिअर काढू नका, समोरून ऊसगाडी आली तर घाबरू नका. वेशीजवळ पोहोचेपर्यंत ड्रायव्हर बोलावयाचा थांबलेला असतो, आणि मालकाच्या ते ध्यानातही आलेले नसते. मग चर्चच्या दाराशी पाळकसाहेबांनी प्रार्थना करावयाची, आणि ड्रायव्हरने चहा घेऊन एस.टी.ने नगरला परतावयाचे. "सर, मीही त्याच रीतीने निघालो," तो म्हणाला. "फक्त मडगार्ड थोडे उंच होते."

आता त्या प्रवासाकडे वळू. सकाळी विमानापाशी जाताच बाईंनी पहिला धडा दिला, तो उडण्याचा नव्हे, तर पाहण्याचा. विमानाभोवती पायी एक फेरी घालावयाची. पंखांच्या कडेची हलती फळी हाताने हलवून पाहावयाची. तेलात पट्टी बुडवून ते किती आहे ते पाहावयाचे. टाकीच्या तळातील थोडे पेट्रोल काचेच्या नळीत काढून उजेडात धरावयाचे. पाणी पेट्रोलाहून जड असल्यामुळे टाकीत शिरलेले पाणी तळाशी बसते, आणि ते इंजिनात गेले म्हणजे इंजिन बंद पडते. टाकीचा काटा पुरेशी टाकी दाखवीत होता, तरी बाईंनी त्याला पंखावर चढून झाकण उघडून पाहावयास लाविले. "काटा सांगतो त्यावर विश्वास ठेवू नये असे नाही," त्या म्हणाल्या, "पण डोळ्यांना विचारल्यावाचून ठेवू नये."

इंजिन सुरू झाल्यावर धावपट्टीच्या तोंडाशी दुसरी परीक्षा. अशा इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरास दोन दोन स्पार्क प्लग असतात, आणि त्यांस ठिणगी पुरविणारे मॅग्नेटोही दोन असतात. एक बिघडला तरी दुसऱ्याने काम चालावे, हा हेतू. उडण्यापूर्वी एक मॅग्नेटो क्षणभर बंद करून पाहावयाचा. इंजिनाचे फेरे थोडेसे उतरावयास हवेत. फार उतरले तर काही बिघडले आहे. आणि मुळीच उतरले नाहीत तरीही काही बिघडले आहे! ही शेवटची गोष्ट त्याला मोठी चमत्कारिक वाटली. कारण असे की, फेरे मुळीच न उतरणे ह्याचा अर्थ, आपण बंद केलेला मॅग्नेटो बंद झालेलाच नाही असा असू शकतो. ज्या परीक्षेत काहीच कमी होत नाही ती परीक्षा झालीच नाही, हे आम्ही आमच्या वर्गातही फळ्यावर लिहून ठेवण्यासारखे आहे.

ह्या स्पार्क प्लगावरून आपल्याच देशाच्या इतिहासातील एक गोष्ट सांगावीशी वाटते. मुंबईच्या फ्लाइंग क्लबात शिकून जे. आर. डी. टाटा ह्यांनी १० फेब्रुवारी १९२९ रोजी हिंदुस्थानात दिलेला पहिल्या क्रमांकाचा परवाना मिळविला. त्याच वर्षी आगाखान ह्यांनी इंग्लंड व हिंदुस्थान ह्यांमधील प्रवास ठरलेल्या मुदतीत विमानाने एकट्याने करणाऱ्या पहिल्या हिंदी मनुष्यास ५०० पौंडांचे बक्षीस जाहीर केले. मार्च १९३० मध्ये आर. एन. चावला व अस्पी इंजिनियर हे दोघे तरुण एका लहानशा मॉथ विमानातून कराचीहून इंग्लंडास गेले. हिंदुस्थानातून इंग्लंडास उडत जाणारे ते पहिले हिंदी. अस्पीचे वय तेव्हा अवघे १७ वर्षांचे. जाताना शेजारी जोडीदार होता. परत येताना तोच अस्पी बक्षिसासाठी एकटा निघाला. त्याच सुमारास टाटा कराचीहून उलट दिशेने इंग्लंडाकडे निघाले होते. मिसर देशात अबूकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पीजवळ जादा स्पार्क प्लग नव्हते व तो अडकून पडला होता. टाटांनी आपल्याजवळचे प्लग त्याला दिले. पुढे अस्पी काही तासांच्या फरकाने आधी पोहोचला, व बक्षीस त्याला मिळाले. टाटा हरले, परंतु १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस टपाल घेऊन स्वतः विमान चालवीत आले, आणि हिंदी हवाई वाहतुकीचा पाया त्यांच्याच हातून घातला गेला. अस्पी इंजिनियर पुढे १९६० ते १९६४ पर्यंत भारतीय वायुदलाचे प्रमुख होते. दोघांचेही भले झाले, कोणाचेच वाया गेले नाही. ज्याच्या हाती थोडे अधिक आहे त्याने अडलेल्यास वाटेवरच द्यावे, पोहोचल्यावर देईन असे म्हणू नये, हा त्यातला बोध.

घरी जाता जाता शिकण्याचे याहूनही जवळचे उदाहरण ह्याच्याआधीचे आहे. जेसी मिलर ह्या ऑस्ट्रेलियातील बाई इंग्लंडात होत्या. तेथे त्यांची गाठ बिल लँकॅस्टर ह्या वैमानिकाशी पडली. नवीन लहान विमान घेऊन ऑस्ट्रेलियास उडत जाण्याचा त्याचा विचार होता. खर्चास पैसा नव्हता. मिलरबाईंनी खर्चाचा वाटा उचलला व आपणही येणार असे ठरविले. १४ ऑक्टोबर १९२७ रोजी हे ‘रेड रोज’ नावाचे विमान क्रॉयडनहून निघाले. बाईंस तेव्हा विमान चालविता येत नव्हते. ते लँकॅस्टरने त्यांस वाटेतच शिकविले. कराची, कलकत्ता, रंगून असे टप्पे घेत ते जात होते. ब्रह्मदेशावरून जाताना विमानात साप निघाला व तो बाईंनी मारला, ही गोष्ट त्या काळी फार गाजली. जानेवारी १९२८ मध्ये सुमात्रा बेटाजवळ मुंटोक येथे विमान कोसळले. दोघे जखमी झाले, पण खचले नाहीत. विमान दुरुस्त होईपर्यंत त्यांनी वाट पाहिली, आणि १९ मार्च १९२८ रोजी डार्विन येथे ते ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर उतरले. इंग्लंडाहून निघताना जी प्रवासी होती ती घरी पोहोचली तेव्हा सुकाणू धरणारी झाली होती. पुढे स्वतःचा परवाना मिळवून मिलरबाईंनी १९२९ साली अमेरिकेतील स्त्रियांच्या विमानशर्यतीत भाग घेतला.

आमचा विद्यार्थी विचिटाहून उडाला तेव्हा त्याच्या पुढे असा समुद्र नव्हता, साप नव्हता. खाली कॅन्ससचा सपाट मुलूख होता. तेथील रस्ते बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे एक एक मैलावर काटकोनात आखलेले आहेत, दक्षिणोत्तर व पूर्वपश्चिम; आणि गावोगावच्या पाण्याच्या उंच टाक्यांवर गावाचे नाव लिहिलेले असते. त्याच्याजवळ वाट दाखविणारे यंत्र होते. बाईंनी त्यावर आपला हातरुमाल टाकला आणि कागदी नकाशा त्याच्या मांडीवर पसरला. "यंत्र चांगले आहे," त्या म्हणाल्या, "ते बिघडेल त्या दिवसासाठी आज शिका." नकाशावर दर दहा मिनिटांच्या अंतरावर पेन्सिलीने खुणा केलेल्या होत्या. ज्या गावावर दहा मिनिटांनी यावयाचे त्यावर विमान बारा मिनिटांनी आले. म्हणजे समोरून वारा आहे. मग पुढचा हिशेब नव्याने मांडावयाचा. इंधन किलोमीटरांत मोजावयाचे नाही, तासांत मोजावयाचे, हा दुसरा मोठा धडा. कारण समोरचा वारा अंतर वाढवीत नाही, पण वेळ वाढवितो, आणि इंजिन वेळाप्रमाणे पेट्रोल पिते. आणि दर थोड्या वेळाने बाई एकच प्रश्न विचारीत: "ह्या क्षणी इंजिन थांबले तर कोठे उतराल?" प्रथम त्याला ह्या प्रश्नाने धडकी भरे. दुपारपर्यंत तो प्रश्न येण्याआधीच त्याचे डोळे खालची शेते न्याहाळू लागले होते.

दुपारनंतर हवा दमट झाली. उड्डाण सुरळीत चालले होते. तेवढ्यात बाईंनी विचारले, "काय ऐकू येते?" त्याला काहीच वेगळे ऐकू आले नाही. त्या पुन्हा काही बोलल्या नाहीत. दोन तीन मिनिटांनी त्याची नजर फेऱ्यांच्या काट्यावर गेली. थ्रॉटलला हात न लावता तो काटा हळूहळू खाली सरकत होता. मग त्याला पुस्तकातले आठवले. कार्बुरेटरात पेट्रोलची वाफ होताना आसपासची उष्णता शोषली जाते, जसे हातावर स्पिरिट ओतले असता गार लागते. हवा दमट असली म्हणजे तिच्यातील पाण्याचे तेथे बर्फ बनते, आणि बाहेर चांगली ऊब असतानाही बनते. हा बर्फ इंजिनाचा श्वास कोंडतो. त्यावर उपाय म्हणून गरम हवा आत घेण्याचा एक दांडा असतो. त्याने तो ओढला. लगेच इंजिन अधिकच खडखडू लागले! त्याच्या पोटात गोळा आला. हात दांडा पुन्हा पूर्ववत ढकलण्यासाठी पुढे झाला. बाईंनी मान हलवून नको म्हटले. बर्फ वितळून त्याचे पाणी इंजिनातून जात असता ते असे कुरकुरतेच. अर्ध्या मिनिटात आवाज स्वच्छ झाला व काटा वर चढला. "सर," तो आम्हांस म्हणाला, "औषध दिल्यावर रोग क्षणभर वाढल्यासारखा वाटतो, त्या क्षणी हात मागे घ्यावयाचा नसतो, हे मी पुस्तकात दहा वेळा वाचले होते. त्या दिवशी कळले."

आणि आता ह्या हकिकतीचा गाभा येतो. सायंकाळी पाचच्या सुमारास त्यांनी मिसिसिपी नदी ओलांडली. घर आता जेमतेम दीड तासाच्या अंतरावर. तेथील लहान विमानतळावर त्याची पत्नी आणि सहा वर्षांची मुलगी वाट पाहत होती. मुलीने रंगीत खडूंनी एक पाटी लिहून ठेविली होती. पुढे आकाशाच्या कडेला करड्या ढगांची एक सलग चादर दिसत होती, आणि पुढे जावे तो तो ती खाली येत होती. ढगांखाली राहावयाचे म्हणून तोही थोडा थोडा खाली येऊ लागला. खाली झाडे मोठी दिसू लागली. बाई गप्प होत्या. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते.

त्याने विचारले, "पुढे जावे का?"

त्या म्हणाल्या, "ह्या आसनावर मी नसते तर तुम्ही काय केले असते?"

आमच्या मते ह्या एका प्रश्नात साऱ्या अध्यापनशास्त्राचे सार आहे. बाईंना ढगांतून उडण्याचे ज्ञान होते, त्याला नव्हते. त्या स्वतः सुकाणू हाती घेऊन परत वळल्या असत्या, तर त्या दिवशीचा धोका टळला असता. परंतु पुढे कधी तरी, शेजारचे आसन रिकामे असता, तोच ढग पुन्हा समोर आला असता. उलट, तो पुढे जातो आहे तो जाऊ दिला असता, तर ती शिक्षकाची क्रूरता झाली असती. बाईंनी यांपैकी काहीच केले नाही. धोका अद्याप दूर आहे, परत फिरावयास वेळ आहे, एवढे त्यांना ठाऊक होते. आणि तेवढ्या वेळाच्या आत त्यांनी निर्णयाचे ओझे हलकेच त्याच्या हातावर ठेविले.

त्याने क्षणभर मुलीच्या पाटीचा विचार केला, असे त्याने आम्हांस प्रामाणिकपणे सांगितले. घरची ओढ ही मोठी गोड शक्ती आहे. तिच्याच बळावर तो सकाळपासून शिकत आला होता. परंतु वैमानिकांच्या अपघातांत ह्याच ओढीचा वाटा फार मोठा असतो. घर जवळ आले की मनुष्य ढगाकडे पाहावयाचे सोडून घराकडे पाहू लागतो. त्याने नकाशावर पाहिले. नदीकाठच्या एका विमानतळाभोवती दुपारीच पेन्सिलीने वर्तुळ काढलेले होते. त्याने विमान वळविले. पंधरा मिनिटांनी ते त्या धावपट्टीवर उतरत होते. वारा आडवा होता. वाऱ्याकडचा पंख किंचित खाली धरून, सुकाणू उलट दाबून उतरावे लागते. एक चाक आधी टेकते, मग दुसरे. ते त्याचे त्या दिवसाचे सर्वांत वाईट उतरणे होते, असे तो म्हणाला. बाई मात्र म्हणाल्या, "आजचे तुमचे उत्तम काम पंधरा मिनिटांपूर्वी होऊन गेले."

रात्र त्यांनी त्या गावीच काढिली. मुलगी दूरध्वनीवर रडली. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता आकाश धुतल्यासारखे स्वच्छ होते, आणि दीड तासात ते घरच्या विमानतळावर उतरले. पत्नी व मुलगी पाटी घेऊन उभ्या होत्या. परंतु बाईंनी त्याला इंजिन बंद करू दिले नाही. त्या आपला पट्टा सोडून खाली उतरल्या, दार लाविले, आणि बाहेरून खूण केली: आता एकटे तीन फेऱ्या घालून या. आदल्या दिवशीच्या त्या वळणानंतरच त्यांच्या मनात हे निश्चित झाले होते, असे त्यांनी मागाहून सांगितले. शेजारच्या आसनावरील वजन कमी झाल्यामुळे विमान नेहमीपेक्षा लवकर जमीन सोडते. शिकणारास ह्याचेच पहिले आश्चर्य वाटते. "वर गेल्यावर मी सवयीने उजवीकडे पाहिले," तो म्हणाला. "आसन रिकामे होते. पण प्रश्न ऐकू येत होता: इंजिन थांबले तर कोठे उतराल? आणि मी शेते पाहू लागलो."

ही हकिकत ऐकत असता आम्हांस पवित्र शास्त्रातील एका प्रवासाची आठवण झाली. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात कूश देशच्या कांदके राणीचा खजिनदार यरुशलेमेहून आपल्या देशी परत निघाला आहे. रथात बसून तो यशया संदेष्ट्याचा ग्रंथ वाचीत आहे. ग्रंथ हाती आहे, परंतु त्याचा अर्थ अद्याप त्याचा झालेला नाही. फिलिप्प धावत रथाजवळ येतो व विचारतो की, वाचता ते समजते काय? कोणी वाट दाखविल्यावाचून कसे समजेल, असे तो मोठ्या पदावरचा मनुष्य सरळपणे कबूल करितो, आणि फिलिप्पाला आपल्या शेजारी बसण्याची विनंती करितो. रथ थांबत नाही. शिक्षण चालत्या रथातच, घरच्या वाटेवर होते. पाणी दिसते तेव्हा बाप्तिस्म्याचा विचारही प्रथम त्या शिष्याच्याच तोंडून निघतो, गुरूच्या नव्हे. आणि मग फिलिप्प त्याच्या दृष्टीआड होतो. आसन रिकामे होते. परंतु तो खजिनदार खिन्न होत नाही, आनंद करीत आपल्या वाटेने जातो. आम्ही हा अध्याय पुष्कळ वेळा शिकविला आहे. गुरूच्या जाण्याने शिष्याचा आनंद कमी कसा झाला नाही, ह्याचा उलगडा आम्हांस ह्या विमानाच्या गोष्टीने अधिक झाला. शिकविणे पुरे झाले होते, म्हणूनच ते जाणे दुःखाचे नव्हते.

पालकमंडळींस आमची नम्र विनंती आहे की, त्यांनी ह्या दोन्ही आसनांचा विचार करावा. आपल्यापैकी काही जण मुलाचे चक्र आपल्याच हाती धरून बसतात. गणित सुटेना की आपण सोडवून देतात, निबंध आपण लिहितात, वर्गातील भांडण मिटवावयास आपण येतात. मुलगा घरी पोहोचतो, पण विचिटाहून आणविलेल्या विमानाप्रमाणे, दुसऱ्याच्या हाताने. काही जण याच्या उलट करितात. पैसे भरले, दप्तर घेऊन दिले, आता तुझे तू पाहा, असे म्हणून शेजारचे आसन पहिल्याच दिवशी रिकामे ठेवितात. ज्यांना दिवसभर शेतात वा कारखान्यात राबावे लागते त्यांचा ह्यात दोष काढण्याचा आमचा हेतू नाही. परंतु रोज अर्धा तास मुलाच्या शेजारी नुसते बसणे, हात मांडीवर ठेवून, आणि "तुला काय वाटते?" एवढे विचारणे, ह्याला पुस्तकी विद्या लागत नाही. नेवाशाच्या त्या मडगार्डवर बसलेल्या ड्रायव्हरास तरी कोठे लागली होती?

आणि विद्यार्थिमित्रहो, तुमच्यासाठी एवढेच. वस्तू विकत घेतल्याने आपली होत नाही. पुस्तक दप्तरात आल्याने विद्या आपली होत नाही. ती घरी नेण्याच्या वाटेवर, कोणाला तरी शेजारी बसवून, विचारीत विचारीत, आपल्याच हातांनी चालविली म्हणजे ती आपली होते. जो शिक्षक तुम्हांस उत्तर न देता प्रश्न विचारतो, त्याच्यावर रुष्ट होऊ नका. आणि समोर ढग दिसत असता, घर कितीही जवळ असले तरी, मागे वळावयास लाजू नका. परीक्षा जवळ आली म्हणून न समजलेले पाठ करून पुढे रेटणे, सोबती पुढे गेले म्हणून नको त्या वाटेने धावणे, हे त्या करड्या ढगात शिरण्यासारखेच आहे. एक रात्र नदीकाठी काढावी लागली तर काढा. सकाळी आकाश स्वच्छ होते.

ह्या वर्षी शाळा सोडून जाणाऱ्या मुलामुलींच्या शेजारचे आसन आता आम्ही रिकामे करीत आहोत. प्रभू तुमच्याबरोबर असो, आणि तुमचा मार्ग आनंदाचा होवो.